मोहिते पोहोचले

आमच्या शेजारच्या मोहित्यांना मी मारलं, ते एका मंगळवारी, दुपारच्या जेवणाआधी, चष्मा न लावता.

झालं असं की सौ.च्या मावशीचे यजमान वारले. "त्यांच्या घरच्या ग्रुपवर तुमच्याकडूनही काहीतरी जाऊ द्या," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. मी समईचं चित्र आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं तयार दुःख शोधलं आणि पाठवून दिलं. ते गेलं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. तिथे मिनिटभरापूर्वीच मोहित्यांचा फोटो आला होता. मागे हिमाचलातला डोंगर, वर मोकळं आकाश, हात जोडलेले, चेहऱ्यावर कधी नव्हे ती शांतता. खाली एकच शब्द : 'पोहोचलो'. आणि त्याच्या खाली माझी समई.

बडोद्यातल्या आमच्या या सोसायटीत मराठी घरं दोनच, आमचं आणि मोहित्यांचं. बाकीच्यांना 'पोहोचलो' कळलं नसेल, पण समई कुणालाही कळते. चूक लक्षात येताच मी चपळाई करून ती पुसली. फक्त स्वतःच्या फोनमधून. म्हणजे मला ती दिसेनाशी झाली आणि उरलेल्या सगळ्यांना दिसत राहिली. मिटलं, असं समजून मी कढीभात जेवलो आणि आडवा झालो.

वास्तविक लोकांनी थोडा विचार करायला हवा होता. मोहिते गेले असते, तर वर जाऊन आधी त्यांनी स्वतःच 'पोहोचलो' असं कळवलं असतं.

या गृहस्थांचे पणजोबा बडोद्याच्या सरकारी पागेत घोडेस्वार होते. "प्रवास आमच्या रक्तात आहे, प्रधान," असं ते मला सांगतात. स्वतः त्यांना रिक्षात बसण्यापूर्वी उलटीची गोळी लागते. वय बावन्न, लग्न केलं नाही. बाजव्याच्या बाजूला एका कारखान्यात सत्तावीस वर्षं सुरक्षा विभागात होते. आग लागल्यास कोणी काय करावं, याचे नियम लिहिणं हे त्यांचं काम. कारखान्याची बस, कारखान्याचं कँटीन, सगळं बैजवार. दीड वर्षापूर्वी एका सकाळी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "राजीनामा दिला."

"मग आता?"

"हेच नियम एका परदेशी कंपनीसाठी लिहिणार. लॅपटॉप काय, कुठेही उघडतो. एकटाच फिरणार."

"पण का?"

"बस, नीकळी पडवानुं!"

निघायचं म्हणजे निघायचं. घरात शुद्ध मराठी बोलणारा हा माणूस धाडसाचं वाक्य तेवढं गुजरातीत बोलतो.

मी एका कॉलेजच्या कचेरीत तीस वर्षं एकाच खुर्चीत बसतो आहे. मधे तिची गादी बदलली, तेव्हा मला प्रवासाला जाऊन आल्यासारखं वाटलं होतं. त्यामुळे मोहिते वेडे झाले आहेत, हे मी सोसायटीत सर्वांना खात्रीपूर्वक सांगितलं.

मोहिते निघाले. बरोबर लॅपटॉप, उलटीच्या गोळ्या आणि मांडवीच्या बाजारातून घेतलेला तीन किलो लीला, म्हणजे ओला हिरवा, चेवडा. लोक डोंगरावर जाऊन सूर्योदय बघतात. मोहिते आधी बाहेर पडायच्या वाटा मोजतात. "खोली झकास आहे, पण दार एकच," असा त्यांचा उटीहून फोन. केरळात होडीवर राहिले, तेव्हा मात्र खूश होते. "होडी सगळीकडून उघडी, प्रधान! काय झोप लागली!"

आणि जिथे जातील तिथून ग्रुपवर 'पोहोचलो'. स्टेशनवर पोहोचलो, लॉजवर पोहोचलो, एकदा तर चहाच्या टपरीवर पोहोचलो. त्याला उत्तर द्यायचं असतं, असं आमच्यापैकी एकालाही कधी वाटलं नाही.

ही खोड जुनीच. त्यांच्या आई होत्या तेव्हा सकाळी आठ दहाला भिंतीपलीकडे फोन वाजायचा. कारखान्याच्या फाटकावरून चिरंजीव पोहोचल्याचं कळवायचे आणि काकू खणखणीत आवाजात एकच शब्द बोलायच्या : "बरं!" की फोन खाली. मी त्या 'बरं'वर घड्याळ लावत असे. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. माझं घड्याळ तेव्हापासून पाच मिनिटं मागे आहे.

गेल्या आठवड्यात मोहित्यांचा फोन आला. "फ्लॅट काढून टाकतो म्हणतो. बडोद्यात आता माझं आहे कोण? किल्ली तुमच्याकडे आहेच. रविवारी दलाल येईल, त्याला दाखवा."

"जरूर!" मी म्हणालो. परोपकारात मी मागे नसतो.

"हो कशाला म्हणालात?" सौ. म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

तर त्या मंगळवारी चारला उठून चष्मा लावला. ग्रुपवर त्रेचाळीस 'ॐ शांति'. सेक्रेटरी रमेशभाईंनी लिहिलं होतं, 'बहु सारा माणस हता,' म्हणजे फार चांगला माणूस होता, आणि सोसायटीची रविवारची पावभाजी रद्द केली होती. तळमजल्याच्या इलाबेननी लिहिलं होतं की त्या लिफ्टमध्ये अडकल्या, तेव्हा मोहितेभाई तासभर बाहेर जिन्यात बसून त्यांच्याशी बोलत राहिले होते. दिवाळीत फटाके फोडणाऱ्या पोरांमागे ते वाळूची बादली घेऊन फिरायचे, त्यावर आपण हसायचो, आता बादली कोण आणणार, असं आणखी कुणी विचारलं होतं. हसणाऱ्यांत पहिला आवाज माझा असे.

एवढ्यात डोंगरात रेंज आली असावी. त्रेचाळीस 'ॐ शांति'च्या खाली चव्वेचाळिसावा उमटला. खुद्द मोहित्यांचा. 'ॐ शांति. कोण गेलं?'

मग माझा फोन वाजला. मी समईपासून कढीपर्यंत सगळं कबूल केलं आणि शिव्यांची वाट पाहिली.

"प्रधान," ते म्हणाले, "ते लिफ्टचं इलाबेननी स्वतः लिहिलंय?"

"स्वतः."

"त्यांना आठवतंय होय! आणि रमेशभाई? ते तर पार्किंगवरून माझ्याशी बोलत नव्हते."

"आता बोलतील बहुतेक."

"जरा वहिनींना द्या."

सौ.ने फोन घेतला. तिच्या बाजूचं एवढंच ऐकू आलं : "हो, भाऊजी... नाही, नाही, दलालाला मी सांगते, यायचं नाही म्हणून... पावभाजी तुम्ही आल्यावरच... या, वाट बघतो."

फोन ठेवून तिने ओट्याकडे तोंड फिरवलं आणि उगाच गॅस पुसू लागली. तो स्वच्छच होता. मला तिथे काहीतरी बोलावंसं वाटलं.

"म्हणजे बघ," मी म्हणालो, "एकंदरीत माझ्या हातून चांगलंच झालं."

"आधी आमच्या मावशीच्या यजमानांना समई पाठवा," ती म्हणाली. "ते बिचारे सकाळपासून खोळंबलेत. आणि उद्यापासून भाऊजींचं 'पोहोचलो' आलं, की लगेच खाली 'बरं' लिहायचं. चष्मा लावून."