कुंदाताईंचं ‘कुठे लिहिलंय?’

कुंदाताईंना कुणी ‘नाही’ म्हणालं की त्या शांतपणे पर्समधून चष्मा काढतात, नाकावर चढवतात आणि विचारतात, “कुठे लिहिलंय?”

इंग्लंडमधल्या मेडनहेड गावात त्या आमच्या शेजारी एकट्या राहतात. आम्ही नवीन आलो तेव्हाची गोष्ट. झाकण बोटभर उघडं राहिलं म्हणून कचरा नेणाऱ्याने आमचा बिन उचलायला नकार दिला. मी मुकाट्याने तो परत आत ओढत होते, तेवढ्यात गाऊनवर रेनकोट चढवलेली एक सत्तरीची बाई लॉरीसमोर उभी राहिली. “व्हेअर इज इट रिटन?” त्या माणसाने कागद शोधला, ड्रायव्हरने शोधला. शेवटी बिन उचलला.

“घाबरायचं नाही हं,” त्या मला म्हणाल्या. “निम्मे नियम ह्यांच्या डोक्यातच असतात.”

नागपूरहून वकिलीची पदवी घेऊन त्या डॉक्टर नवऱ्याबरोबर इथे आल्या. इथे ती पदवी चालेना. चाळिशीत पुन्हा परीक्षा देऊन सॉलिसिटर झाल्या आणि वीस वर्षं भाडेकरूंच्या केसेस लढल्या. त्यांचं पत्र आलं की घरमालक म्हणे उभ्यानेच वाचायचे. डॉक्टर गेले, त्यानंतर रस्त्यावरच्या बंद दिव्याची तक्रार घेऊन त्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात गेल्या. तिथला साहेब म्हणाला, “मॅडम, हे ठरवायला तुम्ही काही कौन्सिलर नाही.”

“मग होते की आता,” कुंदाताई म्हणाल्या. एका पक्षाच्या तिकिटावर निवडणुकीला उभ्या राहिल्या; एकदा पडल्या, दुसऱ्यांदा निवडून आल्या.

मग टॉयलेटचं प्रकरण उपटलं. बाजारातलं एकुलतं एक सार्वजनिक टॉयलेट बंद करायचं त्यांच्याच पक्षाने ठरवलं. कौन्सिलच्या सभेच्या दिवशी मी मुद्दाम प्रेक्षकांत जाऊन बसले होते. कुंदाताई उठल्या.

“बाजारात टॉयलेट नसलं की म्हातारं माणूस आधी चहा सोडतं. मग बाजार सोडतं. मग माणसं. हे बोलायला तुम्हाला लाज वाटत असेल, मला नाही वाटत. आय ऑल्सो हॅव अ ब्लॅडर!”

कुणी हसलं, कुणी उगाच खोकलं. पक्षाचे पुढारी वाकून कुजबुजले, “कुंदा, पक्षाविरुद्ध मत देता येत नाही.”

“कुठे लिहिलंय?”

ह्या वेळी मात्र लिहिलेलं होतं. पुढाऱ्यांनी पक्षाची नियमावली उघडून पुढ्यात ठेवली. कुंदाताईंनी सगळं पान सावकाश वाचलं. “लिहिलंय खरं,” म्हणाल्या, आणि विरोधात हात वर केला.

ठराव एका मताने पडला. टॉयलेट वाचलं, कुंदाताईंना पक्षाने काढलं. पुढच्या निवडणुकीत त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि सपाटून आपटल्या. निकाल ऐकून मला रडू आलं.

“अगं, रडतेस काय? टॉयलेट उघडं आहे ना? चल, वापरून येऊ!”

पुढच्या शनिवारी पार्किंगची तक्रार घेऊन मी नव्या कौन्सिलरकडे गेले. लोकांची गाऱ्हाणी ऐकायला ते दर शनिवारी हॉलमध्ये बसतात. बाहेर खुर्च्यांची रांग होती, आणि त्या रांगेत कुंदाताई! शेजारी निळ्या टोपीतली एक इंग्रज आजी, तिचा हात ह्यांच्या हातात.

“तुम्ही इथे? तुमची कसली तक्रार?”

“माझी नाही गं. ह्या मार्गारेटची.”

“काय झालंय त्यांना?”

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “काही नाही. माझ्याकडे दर शनिवारी यायची. कधी खड्डा, कधी कबुतरं. आठवड्यात तेवढंच काय ते कुणाशी बोलणं. नव्या माणसाला हे कसं कळणार? दोन मिनिटांत वाटेला लावेल. म्हणून त्याला सांगायला आलेय.”

“फोन केला असतात तरी चाललं असतं की.”

कुंदाताईंनी पदर नीट केला. मग म्हणाल्या, “सकाळी सवयीने साडी नेसून, आवरून तयार झाले गं. दारात आल्यावर आठवलं, आपल्याला कुठे जायचंच नाहीये.”

आतून मार्गारेटच्या नावाची हाक आली. दोघी एकदमच उठल्या.