लंबगोल झाकणांचा तपास

"आकार लपवू शकेल असा गुन्हेगार अजून जन्माला यायचाय," कारखान्यात पाऊल टाकता टाकता दाजी म्हणाले. "या जगात दोनच डोळे असे आहेत, की ज्यांना रेषेचा खोटेपणा कळतो. दोन्ही माझ्याकडेच आहेत."

मेव्हण्याने मान डोलावली. ताईच्या लग्नापासून तो मान डोलावतच आला होता.

कारखाना मातीच्या भांड्यांचा. दाजींचं काम झाकणांचे फोटो काढायचं आणि संगणकाकडून त्यांचा गोलपणा मोजून घ्यायचं. गुप्तहेर ही पदवी त्यांची त्यांनीच घेतली होती. मेव्हणा त्यांचा मदतनीस.

मोजमापाची रीत साधी. आकाराने जागा किती व्यापली आणि तिला कुंपण किती लागलं, एवढंच संगणक बघतो. थोडक्या कुंपणात जास्तीत जास्त जागा कवेत घेणं फक्त वर्तुळाला जमतं, म्हणून त्याला शंभर गुण. झाकणाला अठ्ठ्याण्णव तरी हवेत. काल मावशींच्या चाळीसही झाकणांना चौऱ्याण्णव पडले होते.

मावशी सव्वीस वर्षं चाकावर होत्या. ओल्या मातीवर त्यांचा तळवा टेकला, की माती झोपेतल्या लेकरासारखी हळूच कूस बदलायची. पण मालकीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, दुपारपर्यंत दोषाचं कारण सापडलं नाही तर मावशींनी चाक सोडायचं आणि पेंढ्यात भांडी बांधायला बसायचं.

"भट्टी एका बाजूने रागावली असेल," दाजींनी पहिला निष्कर्ष काढला.

"भट्टीत चाळीस झाकणं चाळीस दिशांना तोंड करून होती, दाजी. सगळी एकाच अंगाने कशी फुगतील?"

"मग चाक लंगडतंय."

मेव्हण्याने चाक फिरवून पाहिलं. ते निमूट फिरलं.

"म्हणजे मावशींचा डावा हात उजव्यावर रुसलाय. मानसिक कारण."

"माझे हात गेल्या सव्वीस वर्षांत एकमेकांशी बोललेलेसुद्धा नाहीत," मावशी म्हणाल्या. "रुसायला वेळ कुठे मिळतो त्यांना? हे बघा." त्यांनी एक झाकण भांड्यावर ठेवून बोटाने फिरवलं. कुठेही न अडखळता ते पूर्ण फेरा घेऊन आलं.

"पुरावा अमान्य," दाजी म्हणाले. "साक्षीदार आरोपीचा नातेवाईक आहे. भांडंही तुम्हीच घडवलंय."

मावशींनी झाकण खाली ठेवलं. पदराला हात पुसले, ते जरा जास्तच वेळ. मेव्हण्याला तिकडे बघवेना.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. दाजींनी छापलेला अहवाल ऐटीत पुढे केला. पानभर फोटो, कडेला बोटभरही कोरी जागा नाही. प्रत्येक फोटोत मावशी एकेक झाकण धरून होत्या. मावशींनीही वाकून पाहिलं.

"ही बोटं कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच."

"इतकी जाड? आणि हे मनगट की उखळ?" त्यांनी आपला काटकुळा हात फोटोशेजारी धरला. "झाकण माझ्यामुळे लंबगोल झालं म्हणता, मग मी कुणामुळे झाले?"

मेव्हणा संगणकाशी गेला आणि कॅमेऱ्यातले मूळ फोटो काढून बसला. त्यात हात काटकुळे होते आणि झाकणं पौर्णिमेसारखी. मोजली, तर नव्व्याण्णव. अहवालातले फोटो मात्र आडवे ताणलेले होते, आणि काल मोजमाप झालं होतं ते याच फोटोंचं.

"गुन्हा उघडकीस आला," दाजी घसा खाकरून म्हणाले. "आकार लहानमोठा केला, फिरवला, सरकवला, तरी तो बदलत नाही. पण एकाच बाजूने ओढला, की बिघडतो. मला सुरुवातीपासून हाच संशय होता."

"फोटो ओढले कुणी?" मालकीणबाईंनी विचारलं.

अहवालाची पानं भरगच्च दिसावीत म्हणून काल कोण तासभर फोटोंचे कोपरे धरून बसलं होतं, ते मेव्हण्याला ठाऊक होतं. त्याने दाजींकडे पाहिलं. दाजी छताकडे पाहत होते.

"त्याचा वेगळा तपास करावा लागेल," ते म्हणाले. "गुन्हेगार फार हुशार दिसतो."

मावशी केव्हाच चाकाकडे निघून गेल्या होत्या.