डाळिंबाचं माप

फाटक आणि खिडकी यांच्यामध्ये जागा होती एकाच झाडाची, आणि घरात मतं होती दोन. साहेबांना तिथे कांचन हवा होता, काकूंना डाळिंब.

साहेब म्हणजे वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेली. कुणाच्या पारड्याखाली चुंबक, कुणाच्या वजनाला पोटातून भोक, कुणाच्या मापाच्या बुडाशी मेण. साहेबांच्या नजरेतून काही सुटत नसे. गल्लीने त्यांचं नावच 'काटेकोर' पाडलं होतं. हे नाव आपल्या कानावर आलेलंच नाही असं दाखवत साहेब मनातून फुलून जात.

"झाड हे डोळ्यांसाठी असतं," ते म्हणायचे. "फांद्या भरून जांभळी फुलं! जाणारा-येणारा थबकून बघेल. तुझं डाळिंब म्हणजे नुसतं झुडूप. ना बुंधा, ना सावली, वर काटे."

"डाळिंबालाही फुलं येतात म्हटलं, लालभडक. ती बघायची, मग फळ खायचं. तुमचा कांचन चार दिवस मिरवणार आणि हात झटकून मोकळा होणार."

"म्हणजे शेवटी पोटासाठीच झाड!"

"मग काय, जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी? माझ्या माहेरी..."

"माहेरच्या बागा मध्ये आणू नकोस!"

हा वाद रोज त्यांच्याबरोबर जेवायला बसे आणि ताटं उचलली तरी उठत नसे. शेवटी साहेबांनीच तोड काढली. दोन्ही झाडांची रीतसर तुलना करायची. बहराच्या वयाची दोन रोपं आणली, सारख्या कुंड्या आणल्या, माती वजन करून भरली. पाण्यासाठी ॲल्युमिनियमची दोन जुळी मापं घेतली. कांचनाच्या मापाला पांढरा दोरा, डाळिंबाच्या मापाला तांबडा. दोन्हींच्या आत रेघ मारून दिली. पाणी काकूंनी घालायचं, देखरेख साहेबांची.

"जे झाड जास्त बहरेल ते खिडकीसमोर लागेल," त्यांनी जाहीर केलं. "आणि निकाल चारचौघांत. उगाच मागाहून कुणी म्हणायला नको की मी पक्षपात केला."

फुलांच्या शर्यतीत कांचनापुढे झुडपाचा काय पाड, असा त्यांचा हिशेब होता. पण थोड्याच दिवसांत डाळिंबाला चहूबाजूंनी तकतकीत धुमारे फुटले आणि कांचन रुसलेल्या जावयासारखा गप्प उभा राहिला. साहेबांना जेवण गोड लागेना. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी निकालाचं आमंत्रण आधीच देऊन ठेवलं होतं.

एका दुपारी काकू समोरच्या नर्सबाईंकडे गेल्या होत्या. साहेबांनी मेणबत्तीचा तुकडा वितळवला आणि तांबड्या दोऱ्याच्या मापाच्या बुडाशी ओतला. थर चांगला जाड बसला. वरून त्यांनी तो अंगठ्याने इतका सफाईदार सारखा केला की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. आयुष्यभर चोर पकडता पकडता विद्या अंगात मुरली होती. याच करामतीसाठी एका तेलवाल्याला त्यांनी भर बाजारात कान धरायला लावले होते. त्याचा चेहरा नेमका आता आठवला आणि साहेबांच्या कानशिलांची आग झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी माप भरलं आणि साहेबांनीच शिकवल्याप्रमाणे डोळ्यांच्या पातळीवर धरलं.

"बघा हो, रेघेला टेकलंय ना?"

"अं? हो. टेकलंय."

"नीट बघून सांगा. मला मेलीला काय कळतंय. तुमच्यावर विश्वास."

साहेबांनी चहाचा कप उचलला आणि त्यात तोंड लपवलं.

डाळिंबाची पानं पिवळी पडली, मग गळायला लागली. काकू कुंडीपुढे उकिडव्या बसून एकेक पान वेचत. "मापाने तर घालते हो पाणी. माझा हातच वाईट दिसतोय," असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा साहेब अर्ध्या जेवणावरून उठले. आरशापुढे दाढी करताना ते स्वतःची नजर चुकवू लागले आणि त्या नादात हनुवटी कापून घेऊ लागले.

मेण खरवडून टाकावं म्हणून ते चमचा घेऊन स्वयंपाकघरात शिरले. माप फळीवर होतं. हात वर गेला आणि पाठीमागून आवाज आला.

"काय शोधताय?"

"मीठ."

"चमचा घेऊन? कशात घालायचंय?"

"चहात," साहेब म्हणाले, आणि एकदा बोलून गेल्यावर खारट चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यावा लागला.

त्यानंतर त्यांनी दुसरा मार्ग धरला. काकू उठायच्या आधी चोरपावलांनी बागेत जायचं, डाळिंबाच्या बुडाशी बादली रिकामी करायची, मूठभर खत घालायचं आणि परत येऊन घोरायचं. पहिल्या दिवशी बादली ओतताना ते कुंडीशी पुटपुटलेसुद्धा, "चुकलं बाबा. आता वाचव." आपण एका झुडपाची माफी मागतोय याचीही त्यांना लाज वाटली.

झुडपाने नुसतं वाचवलं असतं तर बरं झालं असतं. त्याने उलट हाहाकार केला. काड्याकाड्यांना पालवी फुटली, पालवीत कळ्या आल्या आणि निकालाच्या दिवसापर्यंत कुंडी लाल फुलांनी अशी लगडली की पानं शोधावी लागत. कांचनही वाढला होता. त्याची पानं सुपाएवढी झाली होती. फूल मात्र औषधालाही नव्हतं.

निकालाला झाडून सगळी गल्ली आली. काकूंचा धाकटा भाऊही आला. हा डाळिंबाचा बडा बागायतदार, आणि हळू बोलणं म्हणजे पाप अशी त्याची समजूत होती. त्याने कुंडीभोवती एक चक्कर मारली, एक फांदी वाकवून पाहिली आणि बहिणीला विचारलं, "मध्यंतरी पानगळ झाली होती का गं?"

"झाली होती ना. पार काड्या राहिल्या होत्या."

"आणि मग भरपूर पाणी?"

साहेब हळूच एक पाऊल मागे सरकले.

"दाजी!" मेहुण्याने त्यांना कडकडून मिठी मारली. "अहो, याला म्हणतात ताण देणं! आधी पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग पाणी आणि खत. बहार धरायची अस्सल रीत! आमच्याकडे गड्यांना वर्षानुवर्षं जमत नाही. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मी काही नाही केलं," काकू म्हणाल्या. "झालं ते सगळं ह्यांच्या देखरेखीखाली."

"म्हणजे स्वतःच्या झाडाला हरवून साहेबांनी काकूंचं झाड फुलवलं?" नर्सबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बायकोसाठी मुद्दाम हरणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय हो!"

टाळ्या पडल्या. एकेक टाळी साहेबांना गालावर बसल्यासारखी वाटत होती. तेलवाला बिचारा निदान एकटाच कान धरून उभा होता. त्याला कुणी शाबासकी तरी दिली नव्हती. साहेबांना ते असह्य झालं.

"थांबा!" ते ओरडले. "मी चोर आहे! मी मापात पाप केलं!"

नर्सबाईंचा पदर डोळ्यांवरून खाली आला.

"तांबड्या दोऱ्याच्या मापाच्या बुडाशी मी मेण ओतलंय. हिला रोज कमी पाणी देत होतो. मला जिंकायचं होतं. हे बघा!"

त्यांनी माप उचललं आणि सगळ्यांपुढे उपडं धरलं. मग स्वतः आत बघितलं. बूड लख्ख होतं. बोट फिरवून बघितलं. मेणाचा मागमूस नव्हता.

आधी मेहुणा हसला आणि मग गल्ली फुटली. "श्रेय नको म्हणून माणूस स्वतःला चोर म्हणवतोय!" "काटेकोर आणि मापात मेण!" "साहेब, थट्टा करावी ती तुम्हीच!" मेहुण्याने पुन्हा मिठी मारली. साहेब "अहो, खरंच, देवाशप्पथ," म्हणत राहिले, आणि ते जितकं म्हणत तितकं लोक पोट धरून हसत.

पाहुणे गेल्यावर साहेब पायरीवर बसले. काकूंनी शेजारी बसून मूठ उघडली. तळहातावर मेणाची गोल चकती होती, तिच्यावर साहेबांच्या अंगठ्याचा ठसा.

"हे शोधत होतात?"

साहेबांची मान खाली गेली, ती वर येईना. "कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. माप घासायला घेतलं तर बोट बुडाला लागेना. पण म्हटलं, असू दे. ताण मीच देणार होते, तुम्ही माझं काम हलकं केलंत. डाळिंबवाल्याच्या घरची पोर मी."

"मग काढलंस कधी?"

"तुम्ही पहिल्यांदा बादली ओतलीत ना, त्या सकाळी. खिडकीतून बघत होते. चोरी कळली तेव्हा वाईट वाटलं होतं तुमचं, पण माफी मागताना दिसलात आणि मला बाई बरं वाटलं. कुणाच्या हाती पुरावा नको, म्हणून गरम पाण्याने सोडवून घेतलं."

साहेबांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी बाहीला पुसले. मग त्यांचं लक्ष कांचनाच्या त्या सुपाएवढ्या पानांकडे गेलं.

"पण याला एकही फूल का नाही? माप तर चोख होतं त्याचं."

काकूंनी पदराशी चाळा केला. "मी रोज खत घालत होते त्याला. मापाशिवाय पाणीही. कीव यायची."

"अगं, एवढ्या खताने नुसती पानंच येतात!"

"हो का?" काकू उठल्या. "खिडकीसमोर खड्डा खणायला घ्या आता. आणि तो कांचन मागे लावू, उगाच रुसायला नको. त्याच्या मापाला हे लावून द्या."

मेणाची चकती त्यांनी साहेबांच्या हातावर ठेवली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. "साखर घालू की मीठ?" त्यांनी आतून विचारलं.