भांडीवाले मुकुंदशेट यांनी सहाशे बारा मोबाइलांवर केलेली स्वारी

श्री गजवदन प्रसन्न. रेंज अखंड असो, बॅटरी अक्षय असो. समस्त दुकानदार, गादीवाले व काउंटरवाले यांचे सेवेसी चरणरज दिवाणजीचे कृतानेक दंडवत. विनंती ऐसी जे, आपण पुसिले की आमच्या वडिलांनी नुसत्या पाटीवर धंदा केला, तर आम्हांस मोबाइलवरील जाहिरातीची गरज ती काय, याचा साद्यंत मजकूर लिहून पाठविणे. त्यावरून शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्र मासी जे वर्तमान जाहले ते पाहिले तैसे लिहितो. आपली फजिती थोडी सौम्य करून लिहावी ऐसे मनात होते, परंतु फजिती काढली तर मजकूर काहीच उरत नाही, म्हणोन ती ठेविली.

एक राज्य होते, त्याचे नाव सांगून उपयोग नाही, कारण ऐसी राज्ये प्रत्येक तालुक्यास एक आहेत. तेथे तांबट आळीत मुकुंदशेट तांबे-पितळेच्या भांड्यांच्या गादीवर तिसऱ्या पिढीने विराजमान होते, आणि माल बावनकशी, आणि कलई ऐसी की परातीत पाहून भांग पाडावा, आणि गिऱ्हाईक मात्र येईनासे जाहले. क्वचित एखादी बाई येई, घंगाळ हाती घेई, उलटे करी, सुलटे करी, मग मोबाइल काढून त्यात काही पाही आणि येते हं म्हणोन जाई, ती पुन्हा येत नसे. कारण शेटजींचे चुलत बंधू चंदूशेट यांनी एस.टी. स्टँडाजवळ निराळे ठाणे वसविले होते, आणि ते रोज सकाळी साऱ्या राज्याच्या मोबाइलवर एक भांडे, त्याचा भाव आणि घरपोच मिळेल एवढे शब्द धाडीत असत. मुकुंदशेटांस हे कळविले तर ते हसून म्हणत, गिऱ्हाईक पायाने येते, बोटाने येत नाही. आणि प्रस्तुत लेखक, जो त्यांचा दिवाणजी, तो वाहवा म्हणे. गादीजवळ बसून वाहवा म्हणणे हे कामच होते, त्यात कुचराई कधी केली नाही.

मग फाल्गुनात चंदूशेट स्वतः चालोन आले आणि बाकावर बसोन गोड शब्दांत बोलिले की, "दादा, उन्हातान्हात माशा किती दिवस मारणार? शटर ओढा, माल माझ्याकडे आणा आणि माझ्या गल्ल्यावर वडीलधारे म्हणून बसा. अक्षय्यतृतीयेपर्यंत उत्तर द्या." मुकुंदशेटांनी चहा पाजून निरोप दिला, आणि त्या दिवशी स्वतः जेवले नाहीत. बापाची गादी सोडून धाकट्या भावाच्या दुकानी पगारी वडीलधारे होणे यापरते मरण कोणते. तेव्हा शालिनीबाईसाहेब, म्हणजे शेटजींच्या पत्नी, त्यांनी मसलत दिली की, आपल्या जुन्या बिलबुकांत प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर आहे, कलई जाहली की फोन करावयास घेतलेला. तो खजिना उघडावा आणि सर्वांस तीन ओळी धाडाव्या, कलई फुकट, नव्या भांड्यांवर सूट, आणि खाली दुकानाचा पत्ता.

नंबर मोजले, ते सहाशे बारा भरले. मजकूर लिहिण्याचे काम लेखकाकडे आले, आणि येथे राज्य बुडावयाची वेळ आली. लेखकाने या गावच्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका लिहिल्या, त्याचा त्यास गर्व बहुत. तीन ओळी म्हणजे दवंडी, घराण्याच्या इभ्रतीस शोभेल ऐसे लिहावे म्हणोन त्याने बावीस ओळी लिहिल्या. आरंभ केला की, आमचे येथे श्रीकृपेकरून व कुलस्वामिनीचे आशीर्वादे चैत्र वद्य दशमीस सकाळी अकरा वाजता मंगल कार्य योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन कार्याची शोभा वाढवावी. मग घराण्याची थोरवी, मग पितळेचे गुण, आणि कलई व सूट हे एकविसाव्या ओळीत. बाईसाहेब म्हणाल्या, भावजी, हे लांबले. लेखक म्हणाला, वहिनी, वाचणारे वाचतात. शेटजींनी वाहवा म्हटले, आणि स्वारी सुटली. परंतु मोबाइल नावाचा दरबार ऐसा की पहिल्या चार ओळी दाखवितो आणि खाली 'अधिक वाचा' म्हणोन पडदा सोडतो, आणि तो पडदा सहाशे बारांत एकानेही उचलला नाही. दिवस मावळेतो उत्तरे आली, जोडलेले हात, फुले, अभिनंदन, नक्की येतो. एकाने पुसिले, जेवण आहे ना? लेखकास ती थट्टा वाटली, त्याने हसरे तोंड पाठविले. तो अपराध कबूल आहे.

दशमीस अकराच्या ठोक्यास आळीत माणसे दिसों लागली, आणि ती पैठण्या नेसलेली, आणि फेटे बांधलेली, आणि अत्तर लावलेली, आणि घरटी एकाच्या हाती रंगीत कागदात बांधलेला अहेर. मोजली ती चौऱ्याण्णव, आणि दुकानात जागा दहांची. पुढे निवृत्त तलाठी खंडेराव भोईटे होते, त्यांनी शेटजींस आलिंगन देऊन खोके हाती दिले आणि पुसिले, कार्य मुलाचे की मुलीचे? शेटजींस दोन्ही नव्हती. त्यांनी खोके उघडिले तर आत पितळी परात आणि बुडाशी चंदूशेटच्या दुकानाचे लेबल. दुसरे उघडिले तर तांब्या, तेच लेबल. एकतीस अहेर आले, एकतीसही चंदूशेटकडचे. शेटजींचा चेहरा कलई उडाल्यासारखा जाहला, आणि ते हळूच म्हणाले, "खंडेराव, ही परात आमच्याकडे होती हो. याहून जाड."

खंडेराव ओशाळले, परंतु तलाठी होते, खरे ते बोलिले, "असेल ना. पण तुमच्याकडे आहे हे आम्हाला सांगितलं कुणी? त्याचा रोज फोटो येतो, भाव येतो, काल बोट लावलं, संध्याकाळी परात दारात. खरं सांगू, राग मानू नका, निमंत्रण आलं तेव्हा कळलं तुम्ही आहात अजून."

शेटजी खाली बसले. चौऱ्याण्णव माणसे उपाशी, कार्य नाही, आणि लेखक वजनकाट्यामागे उभा राहून आपण दिसत नाही ऐसे समजत होता. तेव्हा बाईसाहेबांनी पदर खोचला आणि दारात येऊन सांगितले की, मंडळी, लग्न नाही, आमच्या दिवाणजींनी दुकानाची जाहिरात पत्रिकेसारखी लिहिली. परंतु या दारी आलेला उपाशी जात नाही, दीड तास द्या. ऐसे बोलोन मांडणीवरची तीन मोठी कोरी पातेली उतरविली, शेजारच्या आचाऱ्यास बोलाविले, आणि आळीतच चूल मांडून मसालेभात टाकला, आणि कोपऱ्यावरून जिलेबी आणविली, आणि दुकानातील नव्या ताटल्या धुऊन पंगत बसविली. लोक आधी हसले, लेखकाकडे पाहून पुन्हा हसले, मग भाताचा वास सुटला आणि हसू थांबले. सासवा सुनांस पातेल्याची जाडी बोटांनी दाखवों लागल्या. एकीने पुसिले, केवढ्याचे हो हे? दुसरीने पडदा उचलून एकविसावी ओळ वाचली आणि मोठ्याने म्हणाली, अगं, सूट आहे. आणि ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल निघाला, आणि वाफाळत्या पातेल्याचे फोटो जाऊ लागले, ते कोणी सांगितल्यावाचून.

इतक्यात चंदूशेट सपत्नीक आले, कारण बिलबुकात त्यांचाही नंबर होता आणि तो लेखकाने गाळला नव्हता. आपलीच एकतीस भांडी रांगेने मांडलेली पाहून त्यांस काय वाटले ते देव जाणे. त्यांनी भात घेतला, दोन वेळा घेतला, आणि हात धुता धुता कानाशी लागून म्हणाले, "दादा, तृतीया आठ दिवसांवर आली. उत्तर काय समजू?"

मुकुंदशेटांनी लेखकाच्या हातातून मोबाइल काढून घेतला, चष्मा कपाळावर सारिला, रिकाम्या पातेल्याच्या तळाशी चिकटलेल्या चार शितांसकट त्याचा फोटो काढिला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने, अक्षर शोधीत शोधीत, पाव तास लिहिले. लेखक शुद्धलेखन पाहू लागला तो कोपराने दूर केला. मग बटण दाबले, आणि आळीभर मोबाइल एकदम वाजले, त्यांत चंदूशेटच्या खिशातलाही वाजला. त्यांनी काढून पाहिला. फोटो होता आणि खाली एवढेच होते की, चौऱ्याण्णव जेवले. अशी सात पातेली शिल्लक. दुकान चालू आहे.

चंदूशेटांनी ते दोनदा वाचले, मोबाइल खिशात घातला आणि वाकून थोरल्या भावास नमस्कार करून गेले.

तात्पर्य, सात पातेली त्याच दिवशी गेली, तृतीयेपर्यंत नवी मागवून आणखी एकवीस गेली, आणि शटर रोज साडेनवास वर जाते. दुकान चांगले असणे एक आणि ते चांगले आहे हे गिऱ्हाइकाच्या हातातल्या यंत्रास ठाऊक असणे दुसरे. दुसरे नसेल तर तुमच्याच दारी लोक शेजाऱ्याचा माल घेऊन येतील, आणि वर तुम्हांसच नमस्कार करतील. मजकूर बाईसाहेब सांगतात, शेटजी धाडतात. लेखकाकडे कलईच्या पावत्या लिहिण्याचे काम ठेविले आहे, आणि त्यावरही बाईसाहेबांची नजर असते. बहुत काय लिहिणे, हेही लांबलेच.