सरळ रांगेचा वैरी

आमच्या नर्सरीत तुळस घ्यायला आलेले एक गुरुजी अर्ध्या तासाने खताच्या ढिगामागून बाहेर आले. हातात तुळस नव्हती आणि पायात चप्पल एकच होती. "अहो, बाहेर पडायचं कुठून?" असं त्यांनी इतकं कळवळून विचारलं की मी हबकलोच. ही सगळी डोमाजींची करामत होती.

पवनी रोडवरच्या माझ्या या नर्सरीत समोरच्या मोकळ्या जागेवर रोपं मांडण्याचं काम डोमाजींकडे आहे. वय साठीच्या पुढचं, खांद्यावर दुपट्टा आणि सरळ रांगेशी हाडवैर. दोन कुंड्या एका रेषेत दिसल्या की त्यांच्या पोटात दुखतं. लगेच एक सरकवणार आणि म्हणणार, "सरळ रस्त्यात माणूस भुलते, भाऊ."

भुलतं कोण, ते गुरुजींना विचारा!

फाटकासमोर कोणताही शहाणा माणूस फुललेली शेवंती मांडेल. यांनी तिथे भलंमोठं मैदान रिकामं सोडलेलं. का, तर "बंडी वळाले जागा नको का?" मी आ वासून बघतच राहिलो. आमच्याकडे टेम्पो येतो, मोटारसायकली येतात. बैलबंडी जन्मात आलेली नाही. कमळाचे टब पार मागे, उताराला. "बोडी गावाच्या खालतेच रायते, वरतं पानी चढते का?" बोडी म्हणजे तळं. इथे कुठलं गाव आणि कुठलं तळं! आणि दोन जास्वंदींच्या मधे माणूस जाईल एवढी फट. तिथे मी एकदा मोगरा ठेवला, तर हे माझ्यावर खेकसले. चक्क मालकावर!

दिवाळीच्या तोंडावर माझा धीर सुटला. रस्त्यापलीकडे नवी नर्सरी निघाली होती. तिथली रोपं कवायतीला उभी केल्यासारखी, आणि आमचं गिऱ्हाईक भराभर तिकडे वळत होतं. मी सांगून टाकलं, "काका, उद्या दोरी लावून सारं सरळ करू. आता माझं ऐकाच."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण एरवी तोंडाचा पट्टा चालवणारे डोमाजी दुपट्ट्याने एका कुंडीची कड पुसत राहिले. मग म्हणाले, "उद्या पार्बताले घेऊन येतो. थे पाहून घेईल, मंग लावा दोरी."

बायकोला मांडणी दाखवून मंजुरी घ्यायची! मी कपाळाला हात लावला.

सकाळी मी दोरी घेऊन उभाच होतो. पार्बताबाई आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. डोमाजींचा हात सोडला आणि चालू लागल्या. रिकाम्या मैदानाला वळसा घातला, कलमी आंब्याशी डावीकडे वळल्या, कुठे अडल्या नाहीत की कोणाला विचारलं नाही. जास्वंदींशी पोचल्या आणि तिथे त्यांनी मान खाली घातली, कंबरेत वाकल्या आणि आत गेल्या. वर नुसतं आभाळ होतं.

आत बसून त्या तळहाताने जमीन झाडू लागल्या.

"आमचं गाव धरणात गेलं ना," डोमाजी हळूच म्हणाले. "आता वसाहतीत रायतो. सारे घरं एका रांगेत, एकासारखे. पार्बता रोज भुलते. कोणाच्याबी घरात जाऊन चूल ढुंढते. तिले आता काई याद रायत नाई. मलेबी कधी कधी वळखत नाई. गावातली वाट तेवढी याद हाय. म्हनून मांडून ठेवली जी."

इतकी वर्षं मी या माणसाला विक्षिप्त म्हणत होतो. तेवढ्यात पार्बताबाईंचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"पाव्हने, बाहीर काहून उभे? चहा मांडतो. वाकून या बरं, चौकट ठेंगनी हाय."

मी दोरी बाजूला टाकली आणि वाकून आत गेलो.