लिंबू, ढोल, ढग, साखर

वॉशिंग मशीनमधून ठकठक ऐकू येऊ लागली तेव्हा ओस्वाल्दोला वाटलं, टॉवेलांत एखादा कंगवा राहिला असेल. बायकोच्या सलूनमधले टॉवेल धुणं हे निवृत्तीनंतर त्याच्याकडे आलेलं खातं होतं. मशीन थांबल्यावर त्याने दार उघडलं आणि टॉवेलांच्या गुंडाळीतून मिर्ताचा फोन घरंगळत त्याच्या पायाशी आला.

तो तसाच कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेला. मिर्ता एका बाईच्या केसांना रंग लावत होती.

"मिर्ता, तुझा फोन एकदम स्वच्छ झालाय."

मिर्ताने एकवार त्या फोनकडे पाहिलं. हातातला ब्रश थांबला नाही.

"आणि आपले पैसे?" ओस्वाल्दो म्हणाला. "गुरुवारी सह्या आहेत गं!"

"पैसे फोनमध्ये नसतात, जाडू. फोन म्हणजे नुसतं दार. किल्ली वेगळी असते."

अख्ख्या रोसारियो शहरात मिर्ताइतकी खात्रीने बोलणारी बाई नसेल. पेसोची किंमत चुलीवरच्या लोण्यासारखी वितळताना पाहून तिने वर्षानुवर्षांची शिल्लक बिटकॉइनमध्ये ठेवली होती. तीही स्वतःच्या वॉलेटमध्ये. "किल्ली दुसऱ्याकडे असली तर घर दुसऱ्याचं," असं ती डोकी धुता धुता गिऱ्हाइकांना ऐकवायची. आता सलूनचा गाळा मालकाने विकायला काढला होता. गुरुवारी सौदा झाला नाही, तर तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा येणार होता.

किल्ली म्हणजे बारा शब्द. ते नेमक्या क्रमाने नव्या फोनमध्ये घातले की वॉलेट पुन्हा उघडायचं. मिर्ताने ते कुठे लिहिलेच नव्हते. चार स्वतःच्या डोक्यात ठेवले, चार थोरली बहीण नेलिदाकडे आणि चार धाकटा भाऊ रुफिनोकडे दिले. शब्द फोनवर बोलायचे नाहीत आणि तिघं एका टेबलाशी बसल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, हा नियमही तिचाच. म्हणजे एकट्या मिर्ताच्या गळ्याला कुणी सुरी लावली, तरी हाती काही लागणार नव्हतं.

नियम चोख होता. फक्त गेल्या नाताळापासून नेलिदा आणि रुफिनो एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण तसं गंभीरच होतं. रुफिनोने सकाळपासून निखाऱ्यांपाशी उभं राहून भाजलेल्या मांसाचा पहिला घास घेऊन नेलिदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हे खायचं की पायात घालायचं?" रुफिनोने चिमटा खाली ठेवला, कुत्री गाडीत घातली आणि तो निघून गेला.

"त्यांना एकत्र आणण्यापेक्षा दुसरा काही उपाय बघू," ओस्वाल्दो म्हणाला. घरी येऊन त्याने स्वतःच्या फोनवरून कुठल्याशा ऑनलाइन गटात मदत मागितली. एका भल्या माणसाचं लगेच उत्तर आलं. वॉलेटच्या मदत विभागातला होता तो. फोटोत टाय लावलेला.

"मिर्ता, काम झालं! हा म्हणतो, बारा शब्द कळवा, दहा मिनिटांत पैसे परत."

"दिलेस?"

"मला कुठे माहीत आहेत?"

मिर्ताने नवऱ्याच्या टकलाचा मुका घेतला. "म्हणूनच तुला दिले नव्हते. शब्द मागतो तो चोर. टाय असो नाहीतर पाद्र्याचा झगा, शब्द मागतो तो चोरच!"

मग तिने ओस्वाल्दोच्याच फोनवरून रुफिनोला गाठलं.

"रविवारी ये. शेगडी तू पेटवायचीस."

"ती येणारे?"

"येणारे. जेवणारे. आणि तोंड उघडणार नाही."

"तोंड न उघडता जेवणार कशी?"

"तू भाज रे, ते आम्ही बघू."

नेलिदा शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेली. तिला समजावणं कठीण होतं. "मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "खोटं नको बोलूस, नेली. गप्प बस." "गप्प बसणं हेही खोटंच." शेवटी मिर्ताने तिला गाळ्याची आठवण करून दिली. "माझं सलून गेलं तर तुझे केस कोण सावरणार?" नेलिदाने आरशात पाहिलं आणि यायचं कबूल केलं.

रविवारी मागच्या अंगणात धूर झाला. रुफिनो चारही कुत्री घेऊन आला होता. नेलिदा खुर्चीत ताठ बसली. तिच्या पानात बरगडीचा तुकडा पडला. सगळे तिच्या जबड्याकडे बघत राहिले. ती चावत राहिली. चावत राहिली. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "मीठ बरोबर आहे."

रुफिनोच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं सगळ्यांना दिसलं. मिर्ताने घाईघाईने नवा फोन टेबलावर ठेवला.

नेलिदाने आपले चार शब्द हजेरी घ्यावी तसे खणखणीत सांगितले.

"आता तू, रुफिनो."

रुफिनोने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. कुत्री धावत आली.

"हा लिंबू. हा ढोल. हा ढग. ही साखर."

"मी शब्द विचारले, कुत्री नाही!"

"तेच तर शब्द आहेत! मला पाठ राहत नाही, म्हणून नावंच ठेवली. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. या लिंबूचं मूळ नाव वेगळं होतं, तो अजून हाकेला ओ देत नाही."

"म्हणजे माझ्या तिजोरीची किल्ली तू रोज रस्त्यात उभा राहून ओरडतोस?" मिर्ताने कपाळाला हात लावला.

"कुणाला कळतंय? लोकांना वाटतं, कुत्री बोलावतोय."

मिर्ताने चारही शब्द घातले आणि ऐटीत खुर्ची पुढे ओढली. "राहिले माझे. तांब्या. कुंपण. मध." ती थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. "तांब्या, कुंपण, मध..."

"पुढे?" नेलिदाने शाळेतल्या आवाजात विचारलं.

"तू अशी बघू नकोस! तांब्या, कुंपण, मध..."

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या एवारिस्तोंचा नम्र आवाज आला.

"मिर्ताबाई, माफ करा हं. मधानंतर शिट्टी येते."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

"तुम्ही रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालताना म्हणता ना. चाल गोड आहे. माझी बायकोही आता स्वयंपाक करताना तेच गुणगुणते."

नेलिदा हसू दाबायला शिकलेली नव्हती. मिर्ताने मान वर न करता 'शिट्टी' घातलं. वॉलेट उघडलं. आत शून्य.

"गेले!" ओस्वाल्दो मटकन खाली बसला.

"गेले नाहीत," मिर्ता म्हणाली, पण यावेळी तिच्या आवाजातही जरा कंप होता. "क्रम चुकला की कधीकधी भलतंच रिकामं घर उघडतं. आपलं नाही हे. कुणाचा तरी क्रम चुकलाय."

"माझा नाही," नेलिदा म्हणाली. मग तिने कुत्र्यांकडे पाहिलं. "रुफिनो, ढग आणि साखर एकाच वेतातले ना?"

"हो. पण ढग आधी झाला."

"साखर आधी. ती माझ्या शालीवर जन्मली. तू घाबरून बाहेर सिगारेट ओढत होतास. ढग आला तेव्हा आत आलास. नावं ठेवताना थोरलं कोण ते मीच तुला सांगितलं होतं."

रुफिनोने साखरेच्या डोक्यावरून हात फिरवला. "ती शाल मी धुऊन ठेवलीय," तो हळूच म्हणाला. "द्यायची राहून गेली."

मिर्ताने ढग आणि साखरेची अदलाबदल केली. वॉलेट उघडलं, आणि यावेळी सगळं जागच्या जागी होतं. ओस्वाल्दो आधी रडला, मग त्याने लिंबूला मिठी मारली.

पण मिर्ता थांबली नाही. जे शब्द अख्ख्या गल्लीला ठाऊक, ते आता कुचकामी. तिने घरात जाऊन आतून कडी लावली, नवं वॉलेट उघडलं, आधी थोडेसे पैसे पाठवून पोचल्याची खात्री केली, मग बाकीचे हलवले. नवे शब्द तिने पोलादाच्या दोन पट्ट्यांवर ठोकले. एक पट्टी बँकेच्या लॉकरमध्ये गेली, दुसरी मृत्युपत्राबरोबर नोटरीकडे मोहोरबंद पाकिटात. गुरुवारी सह्या झाल्या आणि गाळा तिचा झाला. उरलेली शिल्लक नव्या कुलपात राहिली.

पुढच्या रविवारी तिने कुणालाच बोलावलं नव्हतं. तरी दुपारी बेल वाजली. दारात नेलिदा होती, अंगावर धुतलेली शाल. तिच्यामागे कोळशाचं पोतं घेऊन रुफिनो आणि चार कुत्री.

"नवे शब्द घ्यायला आलोय," रुफिनो म्हणाला. "मी आणखी दोन पिल्लं बघून ठेवलीयत."

"मीही पाठांतराची तयारी करून आलेय," नेलिदा म्हणाली.

मिर्ताने त्यांना आत घेतलं. मग एकेकाला स्वयंपाकघरात नेऊन, दार लोटून, तिने कानात चार चार शब्द सांगितले आणि शपथ घातली. तिघं एका टेबलाशी बसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि विसरू नये म्हणून दर रविवारी उजळणी.

ते दोघं मीठ किती घालायचं यावर वाद घालत अंगणात गेले, तसा ओस्वाल्दो कासावीस होऊन जवळ आला.

"पुन्हा तेच? शब्द तर कुणालाच सांगायचे नव्हते ना?"

"सांगितले कुठे?" ती पानं मांडत म्हणाली. "नेलिदाला वांगी, भोपळा, कांदे, मटार दिले. रुफिनोला ब्रेड, तेल, साबण आणि अंडी. रविवारी उजळणी झाली की तीच यादी घेऊन बाजारात जा."