लिंबाच्या वासाचं चुंबकत्व

सासूबाई आणि सासरे यांच्यातल्या अबोल्याचा तो तिसरा दिवस होता. सासऱ्यांच्या भेगाळलेल्या टाचांसाठी केलेलं लिंबाच्या वासाचं मलम त्यामुळे पडूनच होतं. माया कुठंतरी सांडायला हवीच, म्हणून सून प्रयोगशाळेला निघता निघता सासूबाईंनी ते तिच्या हातांना चोळलं.

"आई, मला आज खडा हाताळायचाय."

"मग मऊ हातांनी हाताळ."

सुनेचा खडा म्हणजे मोहरीएवढा, काळाभोर स्फटिक. दोन वर्षं खपून तिनं तो प्रयोगशाळेत वाढवला होता. थंडीत त्याच्या पोटातलं चुंबकत्व कसं जागं होतं, यावर तिचा प्रबंध अडला होता. खडा नखाएवढ्या पांढऱ्या डबीत ठेवायचा, डबी भल्यामोठ्या चुंबकाच्या पोटात सोडायची आणि रेडिओलहरींनी आतल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना हळूच साद घालायची. ती जी ओ देतात तिची पडद्यावर रेघ उमटते. आसपास चुंबकत्व जागं झालं, की रेघेचं रूप पालटतं. पण चुंबक आज संध्याकाळपर्यंतच तिचा होता; उद्यापासून वर्षभर दुसऱ्यांचा.

चष्मा ती घरीच विसरली होती. चिमट्यातून खडा निसटला, तेव्हा तिनं तो बोटानंच डबीत ठेवला आणि झाकण लावलं. तेवढ्यात चष्मा घेऊन नवरा दारात.

"शहाणं माझं ते," म्हणत तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. तो लाजत घरी गेला.

डबी खाली उतरली. पडद्यावर रेघ उगवली, तळ्याकाठी बगळ्यानं मान उंच करावी तशी. थंडी वाढवत नेली, तर शून्याखाली दहालाच ती पेंगुळल्यासारखी पसरत पसरत आडवी झाली.

तिचे मार्गदर्शक सर खुर्चीतून उठले. "माझा अंदाज शून्याखाली दोनशेचा होता," ते कुजबुजले. "हे इतक्या उबेत जागं होतंय? पोरी, हे अजून कुणी पाहिलेलं नाही."

त्यांनी चार वाजताचं व्याख्यान ठरवलं, सगळ्या मजल्यांना फोन केले आणि भाषणाची सुरुवात खिडकीला म्हणून दाखवली.

चुंबकाची तीस वर्षं उस्तवार करणाऱ्या तंत्रज्ञ मामांनी फेरतपासणीसाठी डबी वर काढली. हुंगली. पुन्हा हुंगली.

"याला लिंबाचा वास येतोय."

"चुंबकत्वाला वास नसतो, मामा."

"तेच म्हणतोय मी."

झाकण उघडलं. आत मलमाचा एक ठिपका. खड्याचा पत्ता नाही. अणुकेंद्रांनी ओ दिली होती खरी, पण खड्यातल्या नव्हे, मलमातल्या. मलम थंडीनं गोठलं, एवढंच काय ते घडलं होतं.

टेबल झालं, फरशी झाली, बाह्या झटकून झाल्या. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आता खिडकीला म्हणून दाखवण्यासारखं काही नव्हतं. सुनेनं घरी फोन लावला.

"आई, माझा खडा हरवला. मलमाला चिकटून कुठं गेला कोण जाणे."

"कसा होता गं?"

"काळा. मोहरीएवढा."

"याच्या गालावर सकाळपासून तीळ आलाय. शोभतोय म्हणून मी काही बोलले नाही."

"आई, त्याला तोंड धुऊ देऊ नका."

"तो दाढीला बसलाय." फोन टेबलावर आदळला, आणि दूरवर सासूबाईंचा आवाज आला, "वस्तरा खाली ठेव. हलू नकोस."

तो आला तेव्हा एका गालावर फेस होता आणि दुसऱ्याला त्यानं वाराही लागू दिला नव्हता. मामांनी चिमट्यानं तीळ उचलला, स्पिरिटमध्ये धुतला आणि स्वतः डबीत ठेवला. सुनेला त्यांनी हात मागे बांधून उभं केलं.

उन्हं कलली. खिडकीतून येणारा उजेड मधासारखा दाटला. शून्याखाली दोनशेला रेघ थरथरली, आणि एकीच्या अलगद दोन झाल्या. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

घरी सासूबाईंनी कागदावरचं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "दोन रेघा म्हणजे काय गं?"

"थंडी वाढली की आतले इवले चुंबक शेजारी शेजारी एकमेकांच्या उलट तोंडं करून बसतात. एक वर बघतो, एक खाली. म्हणून दोन."

"आणि ऊब मिळाली की?"

"विसरतात. पुन्हा एकच रेघ."

सासूबाईंनी कागद खाली ठेवला. मग मलमाची डबी उचलून आतल्या खोलीत सासऱ्यांकडे गेल्या.

"पाय पुढे करा," तीन दिवसांचा अबोला मोडत त्यांचा आवाज आला. "आणि वर बघत बसू नका."